गाडीचे कर्ज फिटले, तरी गाडी गहाणच

अमेरिकेत एखाद्या पतसंस्थेकडून गाडीसाठी कर्ज घेतले आणि त्याच संस्थेचे क्रेडिट कार्डही वापरले, तर शेवटचा हप्ता भरला की गाडी मोकळी होईल याची खात्री नसते. कार्डावर थकबाकी असेल तर गाडीच्या मालकीच्या कागदावरचा बोजा संस्था उतरवत नाही. कार्डाचे हप्ते चुकले तर, गाडीचा एकही हप्ता चुकलेला नसताना, संस्था गाडी उचलून नेऊ शकते. याला आधार असतो तो गाडीच्या करारातल्या एखाद-दुसऱ्या वाक्याचा: या कर्जासाठी दिलेले तारण हे कर्जदाराच्या या संस्थेकडील आजच्या आणि पुढच्या सर्व देण्यांचेही तारण समजावे. सही करताना हे वाक्य फार थोडे लोक वाचतात. ते कळते गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर दिवाळखोरीच्या अर्जाच्या वेळी. ही गोष्ट क्रेडिट कार्डाइतकी नवी नाही. एका सावकाराकडच्या अनेक कर्जांची मोट बांधून सगळ्यांसाठी एकच वस्तू अडकवून ठेवण्याची रीत जुनी आहे आणि तिच्याशी कायद्याचा झगडाही जुना आहे. या झगड्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कर्जे वेगळी मानावीत हे कायद्याने अनेकदा मान्य केले, पण बहुतेक वेळा 'करारात उलट काही लिहिलेले नसेल तर' अशी फट ठेवून. करार लिहिणारा हात नेहमी सावकाराचाच असल्यामुळे त्या फटीतून सगळे संरक्षण निसटून गेले.

हे कलम आज पतसंस्थांच्या करारांत सर्रास आढळावे, ही मनाला लागणारी गोष्ट आहे, कारण या संस्थांचा जन्मच तारण नसलेल्या माणसासाठी झाला. १९०० साली कॅनडातल्या लेव्ही गावी आल्फाँस देजार्दँ यांनी लोकांची पतपेढी काढली. त्यांच्याच मदतीने १९०८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात, फ्रेंच बोलणाऱ्या गिरणी कामगारांच्या वस्तीत, अमेरिकेतली पहिली पतसंस्था उघडली. दुसरा धागा थेट हिंदुस्थानातून जातो. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलिन १९०७ मध्ये जगप्रवासात बंगालमध्ये आले. तिथल्या खेड्यांतल्या सहकारी पतसंस्थांचे काम त्यांनी पाहिले आणि मायदेशी परतल्यावर हयातभर या कल्पनेमागे पैसा आणि वजन उभे केले. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पतसंस्थांचा कायदा केला आणि १९३४ मध्ये रूझवेल्ट यांच्या सहीने संघीय कायदा आला. कमी ऐपतीच्या माणसांना उपयोगी कारणांसाठी पत मिळावी, हा त्याचा जाहीर हेतू होता. एका कारखान्यातली किंवा एका चर्चची माणसे एकमेकांना ओळखतात, म्हणून माणसाची नियत हेच तारण, असा हा विचार होता. फायलिन यांनी बंगालमध्ये जे पाहिले ते १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याचे फळ होते, आणि त्या कायद्यामागच्या अनेक कारणांपैकी एक मोठे कारण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या सावकारांच्या वह्यांमध्ये होते.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरले. दंगेखोरांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर अधिक होता. खते, रोखे, हुकूमनामे हाती आले की ते जाळायचे, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले तिथे त्याला सहसा फारशी इजा झाली नाही. राग कागदावर का होता, हे कुणब्याचे खाते पाहिले की समजते. बियाणे, कापड, लग्नाचा खर्च, सरकारी सारा भरायला घेतलेली रोकड, सगळे एकाच खात्यावर चढे. सुगीला घातलेले धान्य सावकार ठरवील त्या भावाने जमा होई, आणि तेही आधी व्याजात. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणको सुटावा म्हणून केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार मागची बाकी आणि व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई, आणि त्या खतात जमीनही अडकवी. दहा वर्षांपूर्वी लुगड्यासाठी किंवा बियाण्यासाठी घेतलेले पाच-पंचवीस रुपये कोणते आणि जमिनीवरचे कर्ज कोणते, हे वेगळे काढणे अशक्य होई. प्रत्येक देण्याने प्रत्येक वस्तू बांधलेली असे. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. खतावर सही आहे एवढ्यावर थांबू नका, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उघडा, मुद्दल आणि व्याज वेगळे करा, असे त्याने न्यायाधीशांना बजावले. पैसे भरल्याची पावती, दरसाल खात्याचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क त्याने शेतकऱ्याला दिला. या कायद्याचे वेगळेपण असे, की करारात उलट काही लिहून ही तरतूद बाजूला सारता येत नव्हती.

त्याच सुमाराचे इतर कायदे मात्र दुसऱ्या वाटेने गेले, आणि भारतात आजचा व्यवहार त्यांच्यावरच चालतो. १८७२ च्या करार कायद्याचे १७४ वे कलम सुरुवातीला कर्जदाराच्या बाजूचे वाटते: ज्या कर्जासाठी वस्तू गहाण ठेवली त्याखेरीज दुसऱ्या कर्जासाठी ती अडवून ठेवता येणार नाही. पण पुढे लगेच दोन गोष्टी येतात. तसा करार असेल तर अडवता येईल. आणि त्याच माणसाने नंतर आणखी उचल घेतली तर असा करार झालाच आहे असे, उलट पुरावा नसल्यास, धरले जाईल. १७१ व्या कलमाने बँकांना याहून अधिक दिले. ताब्यात आलेल्या मालावर, उलट करार नसेल तर, खात्याच्या एकूण बाकीपोटी हक्क. म्हणजे सावकाराला फायद्याची गोष्ट गृहीत धरलेली आणि कर्जदाराला फायद्याची गोष्ट करारावर सोडलेली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६१ व्या कलमाने जमीनजुमल्यापुरते बरेच केले. एक गहाण सोडवायला आलेल्याला दुसऱ्या मालमत्तेवरचे दुसरे गहाणही आधी फेडून ये, असे सांगता येत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी धनकोला अशी दोन गहाणे एकत्र करण्याची मुभा दिली होती आणि तिथेही १८८१ च्या कायद्याने तिला आवर घातला होता. पण दोन्ही देशांत ती फट तशीच राहिली: करारात उलट नसेल तर. गाडीच्या बाबतीत तर ही फट फार महत्त्वाची आहे. गाडी बँकेच्या गोदामात नसते, कर्जदाराच्या दारात उभी असते. म्हणून ताब्यातल्या मालावरचा १७१ व्या कलमाचा हक्क तिला सरळ लागू पडत नाही, आणि बँकेला ते वाक्य करारात घालावेच लागते.

विसाव्या शतकात हा प्रश्न हप्त्यांच्या खरेदीतून पुन्हा उभा राहिला. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये गाड्यांना कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली आणि गाडी, शिवणयंत्र, फर्निचर हप्त्यांवर घेणे अमेरिकेत घरोघरी रुळले. एका दुकानाकडून एकामागून एक वस्तू घेतल्या तर काय होते, हे वॉशिंग्टन शहरातल्या एका खटल्यात इतके स्पष्ट दिसले, की अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी तो खटला आजही पहिल्या वर्षात वाचतात. विल्यम्स विरुद्ध वॉकर-थॉमस फर्निचर कंपनी हे त्याचे नाव. सात मुले सांभाळणारी, महिना २१८ डॉलर सरकारी मदतीवर जगणारी एक बाई १९५७ पासून या दुकानातून चादरी, पडदे, पलंग, धुलाईयंत्र अशा वस्तू हप्त्यांवर नेत होती. एप्रिल १९६२ मध्ये तिने ५१४ डॉलर ९५ सेंटचा स्टिरिओ घेतला. त्याआधी तिची सगळी बाकी १६४ डॉलरवर आली होती. तिचे उत्पन्न किती आणि कुठून येते हे दुकानाला ठाऊक होते, ते त्या कराराच्या कागदाच्या मागेच लिहिलेले होते. पुढे हप्ता थकला आणि दुकानाने एकटा स्टिरिओ नव्हे, १९५७ पासूनच्या सगळ्या वस्तू परत मागितल्या.

हे शक्य झाले ते करारातल्या एका गणिती तरतुदीमुळे. तिने भरलेला प्रत्येक हप्ता आतापर्यंतच्या सर्व खरेद्यांवर बाकीच्या प्रमाणात वाटला जाई. म्हणून पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या पहिल्या वस्तूवरही काही सेंट येणे राहतच होते. आणि ते सेंट राहिले तोवर ती वस्तू दुकानाची. तिचे हप्ते पहिल्या खरेदीपासून ओळीने जमा केले असते, तर जुन्या बहुतेक वस्तू केव्हाच फिटून तिच्या झाल्या असत्या. दोन्ही पद्धतींत तिने भरलेला पैसा तेवढाच, दुकानाला मिळालेला पैसाही तेवढाच. बदलते ते एवढेच, की हप्ता थकला त्या दिवशी घरातले काय उचलून नेता येते. १९६५ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी निकाल दिला, की करार झाला तेव्हा त्यात विवेकाला न पटणारी एकतर्फी अट असेल तर न्यायालयाने तो अंमलात आणू नये. आणि या करारात ते तसे होते का, हे तपासायला खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. निकालाच्या या मर्यादेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. कलम बेकायदा ठरले नाही. या बाईच्या परिस्थितीत ते अन्याय्य असू शकते, एवढेच ठरले. याउलट १९६८ च्या एकरूप ग्राहक पत संहितेने नेमके औषध लिहून दिले होते: विक्रेत्याने अनेक खरेद्या एकमेकींना बांधल्या असतील, तर भरलेला पैसा सर्वांत आधीच्या खरेदीवर जमा धरावा, आणि जिचे पैसे फिटले ती वस्तू मोकळी करावी. काही थोड्याच राज्यांनी ही संहिता स्वीकारली, आणि हा नियम होता विक्रीपुरता.

१९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने फ्रेस्नो शहरात क्रेडिट कार्डे वाटली, आणि ज्याला काही तारण नाही असे फिरते कर्ज सामान्य माणसाच्या खिशात आले. १९७७ च्या कायद्याने संघीय पतसंस्थांनाही फिरते कर्ज देता येऊ लागले. गाडीचे कर्ज हा त्यांचा मोठा धंदा होताच. आता त्याच सभासदाकडे कार्डही आले. त्या काळात संसदेने आणि नियामकांनी जे निर्बंध घातले ते एकत्र ठेवून पाहिले की एक मोकळी जागा ठसठशीत दिसते. १९७४ च्या कायद्याने कार्डाची थकबाकी ग्राहकाच्या बचत खात्यातून परस्पर वळती करून घ्यायला मनाई केली; पण ग्राहकाने जाणूनबुजून आपल्या ठेवीवर हक्क लिहून दिला असेल तर गोष्ट निराळी. १९८५ पासून लागू झालेल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने कपडे, भांडी, पलंग अशा घरगुती वस्तूंवर, त्या वस्तूंच्या खरेदीसाठी नसलेल्या कर्जाचा बोजा चढवणे बंद केले, आणि त्याला कराराने बगल देता येत नाही. पतसंस्थांसाठीही तसाच नियम झाला. मात्र घरगुती वस्तूंच्या व्याख्येत गाडी नाही. ज्या देशात बहुतेक ठिकाणी गाडीवाचून कामावर जाता येत नाही, तिथे कुटुंबाची सर्वांत महत्त्वाची वस्तू या कुंपणाबाहेर राहिली. न्यायालयांनी काही काळ ही उणीव भरून काढली. नंतरचे कर्ज पहिल्याच्या जातीचे नसेल तर पहिल्याचे तारण त्याला लागू नाही, असे अनेक निकाल आले. आणि गाडीचे कर्ज व कार्डाची उधारी एका जातीची नाहीत हे उघड आहे. पण अमेरिकेतल्या एकरूप व्यापारी संहितेचा तारणाविषयीचा सुधारलेला भाग २००१ मध्ये लागू झाला, तेव्हा त्याच्या अधिकृत टिपणात हा निकष नाव घेऊन फेटाळला गेला: काय कशाला तारण, हे केवळ करारावरून ठरवावे. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे मागे पडलेले पाऊल ते हेच.

त्याचा परिणाम दिवाळखोरीत सर्वांत जास्त बोचतो. समजा गाडीची किंमत ८,००० डॉलर आहे, तिच्या कर्जाचे ३,००० उरले आहेत आणि त्याच संस्थेच्या कार्डावर ४,००० थकले आहेत. कार्ड दुसऱ्या बँकेचे असते, तर अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखालच्या दिवाळखोरीत ते देणे सहसा माफ झाले असते आणि कर्जदाराने गाडीचे ३,००० फेडत गाडी ठेवली असती. दोन्ही एकाच संस्थेकडे असल्याने गाडी ठेवायची तर हिशेब ७,००० चा होतो, कारण दिवाळखोरी माणसाची जबाबदारी पुसते, वस्तूवरचा बोजा पुसत नाही. देणे तेच, माणूस तोच, ऐपत तीच. फरक फक्त इतका की त्याने आपला सगळा व्यवहार एका संस्थेशी ठेवला. एकनिष्ठ सभासदाला परक्यापेक्षा वाईट वागणूक मिळावी, हे सहकाराच्या मूळ कल्पनेशी मला सुसंगत वाटत नाही.

यावर पतसंस्थांची बाजू हलकी नाही. संस्थेचा पैसा हा शेजारच्या सभासदांचा पैसा असतो. एकाने बुडवले तर तोटा सर्वांचा. शिवाय संघीय पतसंस्थांना १९८७ पासून १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, तर बँकांच्या कार्डांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या एका निकालानंतर व्यवहारात अशी मर्यादा उरलेली नाही. कमी व्याजात उधार द्यायचे तर वसुलीची हमी हवी, असे त्या म्हणतात. हा युक्तिवाद शेवटपर्यंत न्यायला हवा. कार्डाला खरोखरच गाडीचे तारण असेल, तर ते तारणी कर्ज झाले. मग त्यावरचे व्याज गाडीच्या कर्जाच्या जवळपास यायला हवे. प्रत्यक्षात कार्डाचा दर गाडीच्या दराहून कितीतरी जास्त असतो. विनातारण कर्जाचे जास्त व्याज जोखमीपोटी असते. जोखीम गाडीवर टाकली आणि व्याजही तेवढेच घेतले, तर एका जोखमीची किंमत दोनदा वसूल झाली. दुसरा आक्षेप असा, की सज्ञान माणसाने सही केली आहे. पण गाडीचा करार होतो तेव्हा पुढची कार्डाची उधारी अस्तित्वातच नसते. आज न घेतलेल्या आणि किती होईल हे माहीत नसलेल्या कर्जासाठी वस्तू बांधून देणे, याला समजून दिलेली संमती म्हणणे कठीण आहे. सुप्याच्या कुणब्याचाही अंगठा प्रत्येक खतावर होताच.

तिसरा आक्षेप इतिहासातूनच येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: १८७९ च्या कायद्याने सावकारांनी हात आखडता घेतला, गहाणखताऐवजी सरळ खरेदीखते लिहून घेतली, आणि काही शेतकऱ्यांची जमीन उलट लवकर गेली. हे झाले, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या कायद्याचा घाव संपूर्ण खतावर, व्याजावर आणि वसुलीवर होता. दख्खनच्या खेड्यात दुसरा धनकोही नव्हता, आणि सनदी अधिकारी वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांनी पाठपुरावा केलेली पुरंदर तालुक्यातल्या शेतकी बँकेची योजना लंडनहून नामंजूर झाली. मोठ्या बाजारात मर्यादित निर्बंध घातला तर काय होते, याचा पुरावा अमेरिकेतच आहे. १९७४ नंतर बचत खात्यातून थकबाकी परस्पर वळती करणे बंद झाले, १९८५ नंतर पलंग आणि भांडी अडकवणे बंद झाले. क्रेडिट कार्डांचा धंदा त्यानंतर घटला नाही, अनेक पटींनी वाढला. प्रत्येक देणे आपापल्या तारणापुरते ठेवले तर उधारी आटेल, या भीतीला या अनुभवातून दुजोरा मिळत नाही.

भारतात आज हा प्रश्न परिवहन कार्यालयाच्या दारात उभा आहे. गाडीच्या नोंदणीवरचा बोजा उतरवायला ३५ क्रमांकाचा नमुना लागतो आणि त्यावर कर्ज देणाऱ्याची सही लागते. कार्डाची रक्कम वादात असली तरी, करारात ते वाक्य असेल तर बँक ही सही आणि ना हरकत दाखला रोखून धरू शकते. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेने कर्ज फिटल्यावर तारण मोकळे करायला सांगितले, पण दुसऱ्या देण्यापोटी बँकेचा कायदेशीर हक्क असेल तर तो राखून; फक्त उरलेल्या दाव्याची तपशीलवार नोटीस द्यावी लागते. म्हणजे केवळ कळवण्यावर भागवले आहे. सप्टेंबर २०२३ च्या आदेशाची भाषा मात्र वेगळी आहे. 'कर्जखाते' पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत करा आणि नोंदवलेला बोजा उतरवा, बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्या, असे तो सांगतो. या मजकुरात ग्राहकाचे एकूण देणे नव्हे, तर ते विशिष्ट कर्जखाते हे एकक धरलेले आहे. २००३ ची सवलत या खात्यापुरत्या मोजमापाला लावली जाणार नाही, आणि गाडीचे हप्ते फिटल्यावर ३५ क्रमांकाचा नमुना कार्डाच्या बाकीसाठी अडवता येणार नाही, एवढे एक वाक्य रिझर्व्ह बँकेने त्यात स्पष्टपणे घालायला हवे. कार्डाची वसुली करायला बँकेला दिवाणी न्यायालय आणि कर्जदाराच्या पतनोंदी आहेतच. बाकी सगळ्या विनातारण कर्जांची वसुली ती तशीच करते.